बैलामार्फत

आमच्या रिठदच्या पंचांनी एकच वाटणी अगदी बिनचूक केली, आणि तीच सगळ्यांच्या अंगलट आली.

इंद्रभान आणि रामकिसन हे सख्खे भाऊ. वेगळे निघाले तेव्हा पंचांनी वावराच्या मधोमध मातीचा बांध, म्हणजे धुरा घातला, घराच्या मधोमध भिंत घातली, तांब्यापितळेची भांडी तराजूत टाकून वाटली. शेवटी खुंट्याला बैलजोडी उरली. कोणावर अन्याय नको म्हणून चांद्या इंद्रभानला दिला, मोऱ्या रामकिसनला. "आता कोनाले काई म्हनाले जागा नाई," असं म्हणून पंच पान खाऊन उठले. एका बैलानं वखर चालत नाही आणि मोट तर मुळीच चालत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सगळे कास्तकारच होते. पण न्याय करायला बसलं की माणसाला शेतीचा विसर पडतो.

विहीर तेवढी सामाईक राहिली. ती मधोमध कापता येईना.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. त्याचं कारण दोघांनाही चांगलं आठवत होतं, फक्त दोघांना वेगवेगळं आठवत होतं. तरी पाणी काढायचं तर दोन बैल एका जुवाखाली यायलाच हवेत. म्हणून एक दिवस इंद्रभानच्या वावराला पाणी, एक दिवस रामकिसनच्या, आणि दोन्ही दिवशी दोन्ही बैल, अशी पाळी पडली. पाळीचं बोलणं तर करावंच लागतं. ते बैलामार्फत व्हायचं.

"चांद्या," इंद्रभान आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "सांग त्याले, उद्या आमची पाळी हाये. येळेवर ये म्हनाव."

रामकिसन दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा. तो मोऱ्याचं वशिंड खाजवत म्हणायचा, "मोऱ्या, इचार त्याले, आपून कधी उशीर केला?"

बैल दोघेही समंजस. रवंथ करत ऐकून घ्यायचे.

या दोघांच्या बायका मात्र बोलत होत्या. थोरली कस्तुराबाई, धाकटी मनकर्णाबाई. मनकर्णाबाई भासऱ्यांपुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी राहायची, त्यामुळे इंद्रभानशी तिचा अबोला आहे की ती मर्यादा पाळते आहे, हे कोणालाच ओळखू यायचं नाही. तिलाही तसं बरंच होतं. जावेशी ती नाल्यावर, धुणं धुताना, मन मोकळं करून बोलायची. नवऱ्यांच्या अबोल्यात आपण कायले तोंड शिवून घ्यायचं, असं दोघींचं मत होतं. पण हे नवऱ्यांना सांगायची गरज दोघींनाही वाटली नव्हती.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी शेतकीचे साहेब सायकलवरून गावात आले. वयानं कोवळे, डोळ्यांना चश्मा, सायकलच्या मागं एक पिशवी. पारावर बसून त्यांनी पिशवीतलं बी ओंजळीत घेऊन दाखवलं. पिवळसर, वाटाण्यापेक्षा बारीक.

"याला सोयाबीन म्हणतात. याचं तेल निघतं. दूधसुद्धा निघतं."

जब्बार बागवान पाराच्या कडेला बिडी ओढत होता. गावाबाहेर त्याचा भाजीपाल्याचा मळा, आणि जिभेला लगाम नाही. तो म्हणाला, "दूध निघते म्हनता साहेब? मंग बी कायले वाटता, म्हैसच देऊन टाका ना."

सगळे हसले, साहेबही हसले. मग त्यांनी सांगितलं की, कार्तिकात वाशीमच्या यात्रेत शेतकीचं प्रदर्शन भरणार आहे, आणि ज्याचं सोयाबीन पहिलं येईल त्याला तिकडच्या एका बड्या शेतकऱ्यानं बैल बक्षीस लावला आहे. चांगला पोसलेला, चार दाती.

हसणं थांबलं. त्यातही एक जण असा थांबला की त्याचा श्वासच अडकल्यासारखा झाला. तो रामकिसन. एक बैल मिळाला की मोऱ्याला जोडीदार झाला. जोडी झाली की मोट आपली, वखर आपला, आणि चांद्याचं तोंड पाहायची गरज नाही. चांद्याच्या मालकाचं तर नाहीच. त्यानं पुढं होऊन ओंजळ धरली.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "हे बी पिकलं की आपून मोकळे."

"कोनापासून?" मनकर्णाबाईनं विचारलं. तिला ठाऊक होतं, पण काही गोष्टी नवऱ्याच्या तोंडून ऐकल्या म्हणजे किती हास्यास्पद आहेत ते त्यालाही कळतं, असा तिचा अनुभव होता. या वेळी तो खोटा ठरला.

"दादापासून," रामकिसन छाती काढून म्हणाला.

आता यातला पेच पाहा. बक्षिसाला पीक हवं, पिकाला पाणी हवं, पाण्याला जोडी हवी. म्हणजे आपल्याला भावाची गरज कधीच पडू नये, यासाठी रामकिसनला चार महिने रोज भावाची गरज पडणार होती. हे सगळ्या गावाला दिसलं. इंद्रभानलाही दिसलं असणार. तरी पाळीच्या दिवशी तो चांद्याला घेऊन वेळेवर विहिरीवर उभा असायचा.

साहेबांनी पाण्याचे नियम सांगितले होते. फुलोऱ्यात एक पाणी, शेंगा भरताना एक, मध्ये पावसानं दडी मारली तर बघून. एकाआड एक सरी भिजवायची, ऊन चढायच्या आत. पाटाला गळती ठेवायची नाही. रामकिसननं हे नियम एखाद्या व्रतासारखे धरले. त्याचं व्रत आणि कष्ट मनकर्णाबाईचे. पाट लिपायचा तो तिनं. पांढरी माती आणि शेण कालवून ती विहिरीपासून वावरापर्यंतचा पाट अशी लिपायची की जब्बार म्हणाला, "भाबी, घरातल्या चुलीपेक्षा पाटच जास्त चकचकीत दिसून राह्यला."

"चूल काई बक्षीस देत नाई, जब्बारभाई," ती म्हणाली.

पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. सोयाबीनला फुलं आली, गेली, शेंगा धरल्या. शेंगा भरायच्या ऐन वेळी विहिरीचं पाणी तळाला लागलं. रात्रभर पाझरून जेवढं जमायचं तेवढ्यात दिवसाची एक पाळी कशीबशी निघायची. एक दिवस सोयाबीन भिजायचं, दुसऱ्या दिवशी पलीकडे इंद्रभानची मिरची. आणि सोयाबीनला एका दिवसानं भागत नव्हतं. अर्धं वावर भिजेस्तोवर अर्ध्याच्या शेंगा चिपाड.

रामकिसन काही बोलला नाही. मोऱ्यामार्फतसुद्धा नाही. भावापाशी मागायचं म्हणजे त्याला हरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानची पाळी. तो चांद्याला घेऊन आला, जुवापाशी थांबला, आणि चांद्याच्या खुराकडे बघत म्हणाला, "चांद्या, सांग त्याले, तुह्या पायाले लचक आली. आज आपली पाळी नोको. पानी फुकट जाईन, तं त्यानंच घ्याव."

रामकिसननं चांद्याचे चारही पाय पाहिले. चारही ठणठणीत होते.

"मोऱ्या, सांग त्याले," तो म्हणाला, "बरं."

आणि पाय लचकलेला चांद्या त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत रामकिसनची मोट ओढत राहिला. दुसऱ्या दिवशी, रामकिसनच्या पाळीला, तो ठणठणीत. तिसऱ्या दिवशी इंद्रभानची पाळी आली की पुन्हा लचक. असं हे दुखणं शेंगा भरेपर्यंत चाललं. सोयाबीनच्या शेंगा टच्च भरल्या. धुऱ्यापलीकडे मिरचीची नवी फुलं गळून गेली, धरलेल्या हिरव्या मिरच्या मलूल झाल्या.

कस्तुराबाई नाल्यावर धुणं आपटत म्हणाली, "मनकर्णे, आमच्या चांद्याचा पाय तुह्या वावरात बरा होते वं."

मनकर्णाबाईनं मान वर केली नाही. "पाहून राह्यली बाई," एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून धुऱ्यावरून जाताना ती मिरचीकडे बघेनाशी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेब दुसऱ्यांदा आले. रामकिसन त्या दिवशी रिसोडच्या बाजाराला गेला होता. विहिरीवर इंद्रभान एकटा मोटेचा जाड दोर, नाडा, तेलात भिजवत बसला होता. दोघां भावांचा चेहरा एकच. साहेबांना बघताच कळलं की हा भाऊ.

"पीक उत्तम आहे," साहेब म्हणाले. "आता एकच लक्षात ठेवा. थोड्या दिवसांत पानं पिवळी पडतील आणि सगळी गळतील. नुसत्या काड्या आणि शेंगा राहतील. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं पीक तहानेनं मेलं. ते मेलेलं नसतं, पिकलेलं असतं. तेव्हा पाणी अजिबात द्यायचं नाही. दिलंत तर शेंगा काळ्या पडतील, दाणे आतल्या आत मोड धरतील. एवढं भावाला सांगाल ना?"

आता परक्या माणसाला, तेही सायकलवरून इतक्या लांब आलेल्या, 'मी भावाशी बोलत नाही' असं कसं सांगणार? घरातली गोष्ट. इंद्रभान म्हणाला, "हो, सांगतो ना."

साहेब निश्चिंत होऊन सायकलवर बसले.

इंद्रभाननं सांगितलं नाही असं नाही. दुसऱ्याच सकाळी, पाळी संपल्यावर, तो म्हणाला, "चांद्या, सांग त्याले. साहेब येऊन गेले. पानं गळाले लागली का पानी बंद कर म्हनाव."

रामकिसन मोऱ्याचं जू सोडत होता. त्याचा हात थांबला. "मोऱ्या, इचार त्याले, बी माह्यं हाये. साहेब याच्यापाशी कायले बोलन?"

"चांद्या, सांग त्याले, तो बाजारात होता म्हनून."

"मोऱ्या, सांग त्याले, आमाले शिकवू नोको. पीक कोनाच्या डोळ्यात सलून राह्यलं ते समजते आमाले."

इंद्रभान चांद्याला घेऊन गेला. आणि मग व्हायचं तेच झालं. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी सोयाबीनची पानं कडेनं पिवळी दिसली. चार दिवसांत सगळं वावर पिवळं. मग पानं टपाटप खाली. हिरव्यागार पिकाच्या जागी नुसते खराटे उभे राहिले, अंगावर शेंगा घेऊन.

रामकिसन वावरात उभा राहून बघत होता.  कपाशी अशी वाळते तेव्हा मेलेली असते. मिरची अशी वाळते तेव्हा मेलेली असते. आयुष्यात त्यानं अंगावर फळ घेऊन पानं टाकणारी तूर पाहिली होती, पण बैलापायी वेडा झालेल्या माणसाला तुरीची आठवण कुठून यायला? तो धावतच विहिरीवर गेला. इंद्रभान तिथंच होता.

"मोऱ्या," रामकिसनचा आवाज फुटला होता, "सांग त्याले, पीक मरून राह्यलं. आज त्याची पाळी हाये तरी पानी आमाले पाह्यजे. आमी मागून राह्यलो म्हनाव."

इतकं त्यानं वाटणीनंतर कधी मागितलं नव्हतं. मागणं असं, आणि तेही चुकीच्या वेळी.

इंद्रभान चांद्याच्या कानाजवळ सरकला. मग म्हणाला, "चांद्या, सांग त्याले, नाई. तुले जुवाखाली देत नाई. मी तं नाईच देत."

तो चांद्याला सोडून घराकडे घेऊन गेला. या वेळी पाय लचकल्यासारखा इंद्रभानच चालत होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भावानं भावाचं पीक ऐन वेळी मारलं. ज्या पंचांनी जोडी फोडली होती तेच पारावर म्हणाले, माणसाला माया नाही. इंद्रभान घरात बसून होता. तो कुणाला सांगायला गेला नाही. गेला असता तरी बैलामार्फत सांगायची सवय झालेला माणूस, चांद्याला पारावर घेऊन जावं लागलं असतं.

नाल्यावर कस्तुराबाईनं मनकर्णाबाईला गाठलं.

"पानी देऊ नोको वं. साहेबानं खरंच सांगतलं."

"बाई, हे म्हनतात भासऱ्यांच्या मनात वाकडं हाये."

कस्तुराबाई पिळा तसाच हातात धरून थांबली. "मनकर्णे, मी इतकी वर्सं संसार केला. हा मानूस मानसापाशी खोटं बोलन. माह्यापाशीबी बोलला असन. पन बैलापाशी नाई बोलत."

मनकर्णाबाईलाही तेच वाटत होतं. आणि चांद्याच्या पायाची लचक? ती तर खोटीच होती की. तिनं विचार करून पाहिलं. ते खोटं बैलाविषयी होतं, बैलापाशी नव्हतं. चांद्याला आपले पाय ठाऊकच होते.

घरी रामकिसन ठरवून बसला होता. "जब्बारचा बैल आनतो. उद्या दिसभर पानी. पाटावर तू राहजो."

"साहेब नाई म्हनत होते म्हने."

"साहेब का दादा?"

 नवऱ्याला समजावायचं तर त्याच्या भावाची बाजू घ्यावी लागणार, आणि भावाची बाजू घेतली की तो दुप्पट पाणी देणार. लग्न होऊन आल्यापासून तिनं एक ताडलं होतं, की या घरातल्या पुरुषांना थांबवता येत नाही. त्यांना हवं ते करू द्यायचं आणि पाटावर आपण उभं राहायचं.

सकाळी जब्बार आपला बैल घेऊन आला. त्याचा बैल मळ्यातला, मोटेला सरावलेला. मोटेला बैल सरावलेलाच लागतो. विहिरीपुढच्या उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली उतरत जाणं कोणत्याही बैलाला येतं, तसं उतरलं की नाड्यानं मोट वर येते आणि विहिरीकाठच्या कुंडात, थारोळ्यात, ओतते. पण मग रिकामी मोट परत विहिरीत सोडायला बैलांना तीच धाव मागच्या पायांनी, उलटं चालत, चढावी लागते. हे जन्मतः कोणाला येत नाही.

जब्बार थोडा वेळ बघत उभा राहिला. "रामकिसनभाऊ, मेलेल्याले पानी पाजून काय होते? हे तं वाळून कोळसा झालं."

"तू बैल दे, अक्कल नोको देऊ."

"बैल हाये म्हनूनच अक्कल देऊन राह्यलो," जब्बार म्हणाला आणि मळ्याकडे निघून गेला.

मोट सुरू झाली. विहिरीपासून वावरापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात तूर डोक्याएवढी उभी. तिच्यापलीकडे पाटाला फाटा फुटायचा: डाव्या हाताला रामकिसनचं सोयाबीन, उजव्या हाताला इंद्रभानची मिरची. फाट्यावर फावडं घेऊन मनकर्णाबाई उभी होती. विहिरीवरून तिचा पदरसुद्धा दिसत नव्हता.

पहिलं पाणी आलं. तिनं ते डावीकडे जाऊ दिलं. धुऱ्यालगतची पहिली सरी, जिथून रामकिसन रोज येता जाता बघायचा, ती तिनं पुरती भिजवली. मग वाकून फावडंभर चिखल घेतला, डावीकडचं तोंड बुजवलं आणि उजवीकडचं मोकळं केलं.

दिवसभर तुरीपलीकडून चाकाची कुरकुर आणि रामकिसनचं बैलांना ओरडणं ऐकू येत होतं. नाड्यावर बसून खाली येताना तो प्रत्येक वेळी, ऐकायला कोणी नसताना, मोऱ्याला सांगत होता, "सांग त्याले. सांग त्याले, आमी पानी घेतलं म्हनाव. त्याच्या बैलाबिगर घेतलं." आणि तेच पाणी, रागानं उपसलेलं, लिपलेल्या पाटातून एक थेंब न सांडता भावाच्या मिरचीत जात होतं. मिरचीच्या मुळाशी भेगा पडल्या होत्या. पाणी त्यात उतरताना बुडबुडे यायचे. मनकर्णाबाई सरीमागून सरी भिजवत गेली. तिच्या मनात काही मोठं नव्हतं. एवढंच होतं, की चांद्याच्या पायाचं देणं फेडायचं राहिलं होतं.

उन्हं उतरली तेव्हा ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून विहिरीवर आली. रामकिसननं तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्याचं समाधान झालं. जाताना धुऱ्यालगतची ओली सरीही त्यानं पाहिली. बाकी वावरात गळालेल्या पानांचा थर पडला होता, त्याखाली माती ओली की कोरडी, हे उकरल्याशिवाय दिसण्यासारखं नव्हतं. आणि ज्याला स्वतःवर विश्वास असतो तो उकरत नाही.

कापणीच्या दिवशी साहेब परीक्षेला आले. सोबत प्रदर्शनाचे आणखी दोन गृहस्थ. सारा गाव धुऱ्यावर. इंद्रभान आपल्या मिरचीत पाठ करून निंदत होता. निंदायला तिथं गवत नव्हतं.

साहेबांनी मधल्या सरीतलं झाड उपटलं, शेंग कानाशी धरून खुळखुळवली, फोडली. दाणे टणक, गोल, पिवळे धमक. दुसऱ्या सरीतलं पाहिलं, तिसऱ्या. मग धुऱ्यालगतच्या सरीपाशी आले आणि खाली बसले. ती सरी लोळली होती. शेंगा काळ्या, एक दाबली तर आतून मोड आलेला दाणा बाहेर आला.

रामकिसन घाईनं म्हणाला, "साहेब, ती कडेची सरी. तिलेच कायचा तरी रोग लागला असन. बाकीच्याले शेवटी दिसभर पानी देल्लं, म्हनून तं तगलं."

साहेबांनी चश्मा काढला, पुसला, परत लावला. "शेवटी? पानं गळल्यावर?"

"हो ना. मरूनच राह्यलं होतं."

साहेबांनी मधल्या सरीतली पानं बाजूला सारून माती उकरली. खाली जुनी, घट्ट, भेगाळलेली माती. मग धुऱ्यालगतच्या सरीतली उकरली. तिथं पाणी बसून गेल्याची साय धरली होती. त्यांनी रामकिसनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"वा," ते म्हणाले. "तुम्ही थट्टा करता आहात माझी. एका सरीला मुद्दाम पाणी दिलंत, बाकी सगळं कोरडं राखलंत. लोकांना शेजारी शेजारी फरक दिसावा म्हणून. असं आमच्या फार्मावर करतात. तुम्हाला सुचलं कसं?"

रामकिसननं त्या काळ्या शेंगांकडे पाहिलं. मग टणक दाण्यांकडे. मग धुऱ्यापलीकडे, जिथं साऱ्या शिवारात कुठं नाही अशी मिरची लालभडक लगडली होती आणि तिच्यात एक माणूस पाठ करून नसलेलं गवत उपटत होता. शेवटी त्यानं बायकोकडे पाहिलं. मनकर्णाबाईचा पदर हनुवटीपर्यंत होता. भासरे समोर होते ना.

"सुचलं असंच," रामकिसन म्हणाला.

दोन गृहस्थांनी माना डोलावल्या. "भावाला मी सांगून गेलो होतो," साहेब त्यांना म्हणाले, "यांनी बरोबर निरोप पोचवला."

धुऱ्यावर जब्बारनं तोंडातली बिडी काढली आणि इंद्रभानच्या पाठीकडे पाहिलं.

कार्तिकात वाशीमच्या यात्रेत बैल मिळाला. पांढरा शुभ्र, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांची माळ. मागून आणलेल्या बैलगाडीला मागं बांधून नवराबायको परत निघाले.  बरीच वाट सरल्यावर रामकिसन पुढं बघतच म्हणाला, "त्या दिसी तुह्या पायाले चिखल कोन्या वावराचा होता वं?"

"काळ्या मातीचा," मनकर्णाबाई म्हणाली. "दोन्ही वावरं एकच तं होती."

पुढं मोठा ओढा लागला, तो पार झाला.

"औंदा दादाची मिरची लय लाल झाली."

"झाली असन."

 घरी पोचल्यावर रामकिसननं नवा बैल मोऱ्याशेजारी बांधला आणि दोघांकडे बघत उभा राहिला. जोडी झाली होती. तो मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. पाळी रामकिसनची. आता चांद्या नको. मनकर्णाबाई फाट्यावर गेली. अर्धा गाव नवा बैल बघायला विहिरीवर जमला. मोऱ्या आणि नवा बैल जुवाखाली आले. काय डौलात उतरले दोघे. मोट भरून वर आली, थारोळ्यात धोधो ओतली.

"हं, मागं," रामकिसन म्हणाला.

मोऱ्या मागं सरकला. नवा बैल उभा. रामकिसननं पुचकारलं, दरडावलं, छातीला खांदा लावून ढकललं. बैल शांतपणे यात्रेत उभा राहावा तसा उभा राहिला, गळ्यातली माळ वाजवत. मग त्यानं पुढं एक पाऊल टाकलं. त्याला तेवढंच येत होतं. प्रदर्शनात बैलाला उलटं चालायला कोण सांगतं? रिकामी मोट चाकाला लटकून राहिली. मोऱ्या एका बाजूला मागं ओढतो आहे, नवा पुढं, आणि जू तिरपं.

"रामकिसनभाऊ," जब्बार म्हणाला, "हा बैल फोटो काढाले चांगला हाये."

लोक हसले. रामकिसनच्या कपाळाला घाम आला. माझ्या आठवणीत तो इतका एकटा कधी दिसला नव्हता, आणि आता तर त्याच्याकडे दोन बैल होते.

गर्दी बाजूला झाली. इंद्रभान चांद्याला घेऊन येत होता. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं मोऱ्याच्या गळ्याचं जोतं सोडलं, मोऱ्याचा कासरा भावाच्या बाजूला टाकला, आणि मोऱ्याच्या जागी चांद्याला जोडला.

"चांद्या," तो म्हणाला, "शिकव याले मागं सराले."

चांद्या मागं सरकला. जुवाच्या ओढीनं नवा बैल एक पाऊल मागं आला, दचकला, थांबला. चांद्या थांबला. परत सरकला. चार वेळा अडखळत का होईना, मोट विहिरीत उतरली. ती पुन्हा भरून वर आली तेव्हा कोणी हसत नव्हतं.

इंद्रभाननं नव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "ए गड्या, सांग त्याले," तो म्हणाला, "याले महिनाभर तरी चांद्याच्या संगं जुपावं लागन म्हनाव. तोवर दोघाइच्या पाळ्या सोबतच."

नव्या बैलानं कानसुद्धा हलवला नाही.

रामकिसन मोऱ्याचा कासरा हातात धरून उभा होता. त्यानं मोऱ्याकडे पाहिलं, काही सांगायला तोंड उघडलं, आणि मग भलतंच बोलून गेला. "त्याले निरोप सांगता येत नाई अजून, दादा. नवा हाये तो."

इंद्रभान वळला नाही. नाडा दोन्ही हातांनी घट्ट धरून तो चांद्याच्या कानाशी वाकला.

"चांद्या," त्यानं हळूच विचारलं, "हा कोनापाशी बोलून राह्यला?"

तुरीपलीकडे पाणी फाट्यावर आलं होतं. मनकर्णाबाई फावडं टेकून थांबली होती. पाणी डावीकडे सोडायचं की उजवीकडे, हे विहिरीवरून कोणी ओरडून सांगेल म्हणून तिनं जरा वाट पाहिली. कोणी सांगेना. तिकडून चाकाची कुरकुर तेवढी येत होती, थांबत थांबत, आणि मधूनच दोन माणसांचं बोलणं. बैलाचं नाव त्यात ऐकू येत नव्हतं. मग तिनं दोन्ही तोंडं मोकळी केली.